पद्धत दुसऱ्या देशात देताना: पायरीसोबत तिचं कारणही पाठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची संस्था काही वर्षं विद्यार्थ्यांबरोबर शाश्वततेचं शिक्षण देते आहे. पाण्याचा हिशोब, ओल्या कचऱ्याचं खत, ओढ्याची तपासणी, शिवारफेरी असे उपक्रम तुमच्या हातात बसले आहेत. आता दोन वेगळ्या देशांतून मागणी आली आहे. एक विद्यार्थ्यांचा गट आहे, दुसरी वस्तीत काम करणारी संघटना. पुस्तिकेचं भाषांतर करून पाठवावं, ऑनलाइन प्रशिक्षण घ्यावं, की त्यांच्या चार माणसांना बोलावून घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

तिन्ही मार्ग चालतील. पण त्याआधी एक काम करावं लागतं आणि ते राहिलं तर तिन्ही वाया जातात. तुमच्या उपक्रमातली कोणती गोष्ट बदलली की उपक्रम मोडतो आणि कोणती गोष्ट केवळ तुमच्याकडच्या सोयीने तशी आहे, हे कागदावर उतरवायचं. अनुभवी कार्यकर्त्याला ते माहीत असतंच, पण सहसा कुणी लिहून काढत नाही. मग समोरच्यापर्यंत कृती पोचते आणि तिचं कारण आपल्याकडेच राहतं.

‘ग्लोब’ हा शालेय निरीक्षणांचा कार्यक्रम अमेरिकेने १९९५ मध्ये सुरू केला. नासाच्या आधाराने तो आज १२० हून अधिक देशांत चालतो. मुलं हवा, पाणी, माती, झाडोरा यांच्या नोंदी घेतात. तापमापकासाठी जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास एक पांढरी पेटी लावायची असते. तिचं दार उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे ठेवतात, कारण दार उघडल्यावर तापमापकावर थेट ऊन पडता कामा नये. आता समजा, कुणी फक्त ‘दार उत्तरेकडे ठेवा’ एवढंच लिहून दक्षिण गोलार्धातल्या शाळेला पाठवलं. मुलं सूचना प्रामाणिकपणे पाळतील आणि प्रामाणिकपणे चुकीचं तापमान लिहीत राहतील. तेच ‘दार उघडल्यावर आत ऊन येऊ नये’ हे कारण लिहिलं असेल, तर दहा वर्षांचं मूलही दिशा बरोबर ठरवेल.

पिण्याचं पाणी उन्हात ठेवून निर्जंतुक करण्याची ‘सोडिस’ पद्धतही तशीच. पारदर्शक पेट बाटलीत पाणी भरून कडक उन्हात सहा तास, ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवायचं. कृती इतकी सोपी की एका चित्रात मावते, म्हणून ती झपाट्याने पसरते. पण काम करतात ते सूर्याचे अतिनील किरण आणि ते गढूळ पाण्यातून आत पोचत नाहीत. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून किंवा गाळून घ्यावं लागतं. ही अट चित्रातून गळली, तर बाटल्या ओळीने उन्हात दिसतात, सगळ्यांना समाधान वाटतं आणि मुलं तेच पाणी पिऊन आजारी पडतात. म्हणून पद्धत जितकी सोपी, तितकं तिचं कारण जपून पाठवावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

हे कागदावर कसं आणायचं? प्रत्येक उपक्रमाचं एकच पान करा आणि त्यावर चार रकाने आखा. काय करायचं, ते का करायचं, काय बदललं तरी चालेल, आणि बिघडलंय हे कशावरून ओळखायचं. चौथा रकाना बहुतेक पुस्तिकांत नसतो आणि दूरच्या माणसाला त्याचीच गरज सर्वांत जास्त असते, कारण अडलं तर शेजारी विचारायला तुम्ही नसता.

तुमच्या पाण्याच्या हिशोबातला एकच तुकडा घेऊन बघू. गळक्या नळाखाली भांडं ठेवून दहा मिनिटं पाणी धरायचं, मापायचं आणि १४४ ने गुणून दिवसाची गळती काढायची. २५० मिलिलिटर भरलं तर दिवसाचे ३६ लिटर. मुलं हा आकडा पाहून थक्क होतात आणि तिथून चर्चा सुरू होते. पण हे १४४ आलं कुठून? नळाला चोवीस तास पाणी असतं हे गृहीत धरून. जिथे दिवसातून दोनच तास पाणी येतं तिथे १२ ने गुणायचं आणि उत्तर येतं ३ लिटर. त्या वस्तीत गळका नळ हा मुख्य प्रश्नच नाही. साठवणीच्या टाक्यांचं वाहून जाणं किंवा पाण्याची वेळ चुकणं हा असू शकेल. आणि जिथे घरात नळच नाही, तिथे किती अंतरावरून, कोण, किती वेळा पाणी आणतं याचा हिशोब मांडावा लागेल. ‘का’च्या रकान्यात तुम्ही ‘गळती मोजण्यासाठी’ असं लिहिलं असेल तर त्या वस्तीचा उपक्रम तिथेच संपला. ‘मुलांनी स्वतः मोजलेल्या आकड्यावरून आपल्या पाण्याबद्दल एक निर्णय घ्यावा’ असं लिहिलं असेल, तर उपक्रम तिन्ही ठिकाणी जिवंत राहतो. सगळी मेहनत या दुसऱ्या रकान्यावर घ्या.

खताचं पान त्यामानाने पटकन होईल. कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० ला १, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा आणि हवा, एवढं सांभाळलं की खड्डा, पिंप, ढीग, क्रेट काहीही चालतं. कोरड्या हवेत झाकावं लागतं, दमट हवेत पाणी निथळायची वाट ठेवावी लागते. बिघडल्याची खूण वास. अमोनियाचा आला तर सुका पालापाचोळा कमी पडतोय, सडका आला तर हवा.

कारण सोबत घेऊन देशोदेशी गेलेली पद्धत बघायची असेल तर शेतीशाळेकडे बघा. तिच्याकडून शिकण्यासारखं इतकं आहे की इथे थोडं थांबते.

१९८० च्या दशकात इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी धुमाकूळ घातला होता. बेसुमार फवारण्यांनी तुडतुडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक मरत होते, त्यामुळे कीड आणखी वाढत होती. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठीच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आणली. पण फवारणी केव्हा गरजेची आणि केव्हा नाही, हे ठरवायला शेतकऱ्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने पहिल्या शेतीशाळा भरल्या. साधारण पंचवीस शेतकरी, पूर्ण हंगाम, दर आठवड्याला, तेच शेत.

सकाळी पाच-पाच जणांचे गट शेतात उतरतात. भाताचे ठरावीक चूड तपासून किडी मोजतात, मित्रकीटक मोजतात, पाण्याची पातळी आणि पानांचा रंग बघतात. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर रंगीत खडूने चित्र काढतात. मधे रोप, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, वर ऊन किंवा ढग. चित्रावरून गट ठरवतो की या आठवड्यात काय करायचं, आणि बाकीचे गट त्याला प्रश्न विचारतात. लिहिता-वाचता न येणारा माणूसही यात मागे पडत नाही.

प्रशिक्षक यात उत्तर देत नाही. ‘हा किडा कोणता?’ असं कुणी विचारलं तर तो उलट विचारतो, ‘कुठे सापडला? काय करत होता? आजूबाजूला आणखी कोण होतं?’ नाव सांगितलं की शोध संपतो, हे त्याला माहीत असतं. शंका उरली तर जाळी लावलेल्या रोपावर मोजून तुडतुडे सोडतात, त्यात कोळी सोडतात आणि नंतर किती उरले ते मोजतात. आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. पीक लहान असताना काही रोपांची पानं कात्रीने मुद्दाम कापायची आणि शेवटी उत्पन्नात किती फरक पडला ते पाहायचं. पान खाल्लेलं दिसताच पंप उचलणाऱ्या शेतकऱ्याला, भात ती झीज किती भरून काढतो हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. भीती जाते ती सांगून नाही, बघून.

ही पद्धत पुढे ९० हून अधिक देशांत गेली. भाताच्या जागी मका आला, कापूस आला, भाजीपाला आला. केनियाच्या कोरड्या भागात पशुपालकांनी ती उचलली तेव्हा कागदावर रोपाच्या जागी जनावर आलं. मोझांबिकमध्ये एड्सने आईबाप गमावलेल्या मुलांसाठी तिच्यावर बेतलेल्या शाळा निघाल्या आणि शेतीबरोबर स्वतःची काळजी घेण्याचे धडेही त्यात आले. इतकं बदलूनही तीन गोष्टी टिकल्या. पूर्ण हंगाम एकत्र घालवणं, निरीक्षण-चित्र-चर्चा-निर्णय हा क्रम, आणि प्रशिक्षकाने उत्तर रोखून धरणं. यातली एक जरी सुटली, म्हणजे वेळ आणि पैसा वाचवायला हंगामाचे दोन दिवस केले, तरी नाव शेतीशाळेचं उरतं आणि आत भाषण चालू असतं. तुमच्या उपक्रमातल्या अशा दोन-तीन गोष्टी कोणत्या, हे संस्थेतल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. दहा निघाल्या तर अजून गाळायच्या आहेत असं समजा.

आता एक फरक, जो अनेकांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला तिन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची आहे का, की प्रत्येक ठिकाणी काहीतरी बदल घडावा एवढं हवं आहे? दोन्ही चांगलं आहे, पण दोहोंचा शिस्तीशी संबंध उलटा आहे. ‘ग्लोब’ला तुलना हवी असते, म्हणून तिथे रोजच्या तापमानाची नोंद घड्याळाच्या बाराला न घेता त्या जागी सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळेच्या आगेमागे तासाभरात घ्यायची असते. त्यात सूट नाही, आणि नसायलाच हवी. शाळांसाठीच्या ‘इको-स्कूल्स’ या १९९४ पासूनच्या कार्यक्रमात सात टप्पे ठरलेले आहेत: समिती, पाहणी, कृती आराखडा, देखरेख, अभ्यासक्रमाशी जोडणी, इतरांना सामील करून घेणं आणि शाळेची स्वतःची आचारसंहिता. पण समितीने कचरा घ्यावा, वीज घ्यावी की जैवविविधता, हे शाळेवर सोडलेलं असतं. तुमच्या ओढ्याच्या तपासणीत दोन्हींची सरमिसळ झाली, तर आकडेही तुलनेला येणार नाहीत आणि स्थानिक गटाला मोकळेपणाही मिळणार नाही. म्हणून प्रत्येक उपक्रमावर आधीच लिहून टाका: हा तुलनेचा, हा बदलाचा.

ओढ्याच्या तपासणीबद्दल विशेष काळजी घ्या, कारण तिथे गुण देण्याची पट्टी असते आणि पट्टी तशीच उचलून नेता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतली ‘मिनीसास’ पद्धत विद्यार्थ्यांसाठी फार सुंदर आहे. दगडाखालचे, पाण्यातले जीव जाळीत घ्यायचे, ते १३ गटांत ओळखायचे, प्रत्येक गटाला ठरलेले गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. स्टोनफ्लाय या कीटकाच्या पिल्लांना सर्वाधिक गुण, कारण ती प्रदूषण जराही सोसत नाहीत. जळवा आणि गांडुळासारख्या कृमींना अगदी कमी. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक कीटक) मधे कुठेतरी. तरीसुद्धा त्याच देशात खडकाळ आणि वालुकामय ओढ्यांसाठी निकालाच्या पायऱ्या वेगळ्या ठेवाव्या लागल्या, कारण वाळूत मुळातच कमी प्रकारचे जीव राहतात. ब्रिटनमध्ये तयार झालेली अशीच एक गुणपट्टी थायलंड आणि कोलंबियात वापरताना तिथल्या जीवांप्रमाणे नव्याने बसवावी लागली. तुमची पट्टी दुसऱ्या हवामानात जशीच्या तशी लावली, तर निरोगी ओढा आजारी ठरेल आणि मुलं त्या निष्कर्षावर पोस्टर काढून मोकळी होतील. जाळी, ट्रे, भिंग, ओळखण्याची रीत खुशाल पाठवा. गुणांसाठी मात्र तिथल्या विद्यापीठातला किंवा नदीवर काम करणारा जाणकार शोधून द्या. तो मिळेपर्यंत त्यांना एकच गोष्ट करू द्या: एकाच ओढ्यावर गावाच्या वर आणि गावाच्या खाली किती प्रकारचे जीव सापडतात, ते एकाच दिवशी मोजून शेजारी मांडणं. दोन्ही जागा एकसारख्या निवडल्या, म्हणजे दोन्हीकडे दगड किंवा दोन्हीकडे वाळू, तर गुण न देताही बरंच काही दिसतं.

कार्बन किंवा परिस्थितिकीय पदठसा, म्हणजे आपल्या राहणीचा निसर्गावर पडणारा भार, मोजणाऱ्या ऑनलाइन प्रश्नावल्यांबद्दलही हेच म्हणेन. त्यातले कित्येक प्रश्न विमानप्रवास, गाडी, घर गरम ठेवण्याची यंत्रणा यांभोवती असतात. ज्या मुलाच्या घरी यातलं काहीच नाही त्याच्या वाट्याला फक्त शून्य येतं आणि ‘तू आणखी काय कमी करशील?’ हा प्रश्न त्याच्यावर अन्याय करतो. संपन्न आणि गरीब ठिकाणचे विद्यार्थी एकत्र असतील तर ही प्रश्नावली वैयक्तिक गुणपत्रिका म्हणून वापरू नका. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून ‘हा फरक कशामुळे?’ एवढंच विचारा. मुलं त्यावर मोठ्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात.

पुढचा मुद्दा, शिकवणार कोण? तुम्ही संस्थेतला सर्वांत अनुभवी प्रशिक्षक पाठवायचा विचार करत असाल. मी म्हणेन, ज्याने हे नुकतंच शिकून करून पाहिलं आहे त्याला पुढे करा. मध्य अमेरिकेत १९७० च्या दशकात ग्वाटेमालात ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ ही चळवळ उभी राहिली आणि मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा करत १९९० च्या दशकात क्युबात पोचली. तिचा नियम साधा होता. आधी स्वतःच्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर करून बघायचं, जमलं तर शेजाऱ्याला ते शेतात नेऊन दाखवायचं, आणि एका वेळी एकदोनच गोष्टी. क्युबात दहाएक वर्षांत लाखभर कुटुंबं त्यात आली. कृषितज्ज्ञ त्यात होते, पण मदतीला.

राजस्थानातल्या तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज तर भाषेच्या अडचणीवरच उत्तर देतं. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये ते सुरू केलं. तिथे आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्या खेड्यांमधून आलेल्या, बहुतेक निरक्षर, मध्यमवयीन बायकांना सहा महिन्यांत सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवलं गेलं. सगळ्यांची समान अशी भाषा नव्हती. रंगांच्या खुणा, हातवारे आणि तीच जोडणी पुन्हा पुन्हा हाताने करणं, यावर सगळं उभं होतं. आजीच्या वयाच्या बायकांना निवडण्यामागे विचार होता: तरुण मुलगा प्रमाणपत्र घेऊन शहरात जातो, आजी गावात परत येते आणि तिथेच राहते. तुम्ही चार माणसं बोलावणार असाल, तर ही कसोटी जरूर लावा. उत्तम इंग्रजी बोलणारा तरुण बैठकीत चमकतो, पण वर्षभराने तो त्या वस्तीत असेल का?

तुमच्याकडे मागणी आलेले दोन गट एकसारखे नाहीत, त्यांना एकच आराखडा देऊ नका. विद्यार्थ्यांच्या गटाला वेळापत्रक असतं, परीक्षा असतात, आणि दरवर्षी निम्मी माणसं बदलतात. दक्षिण गोलार्धातल्या अनेक देशांत शैक्षणिक वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतं, तेव्हा तुमचं वर्ष संपत आलेलं असेल. म्हणून त्यांच्यासाठी सहा-आठ आठवड्यांत पूर्ण होणारा भाग बनवा आणि जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला तो शिकवणं हा उपक्रमाचाच शेवटचा धडा ठेवा. शाळेच्या मुख्याध्यापकाला पटवायला कागद लागतोच. तिथे शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ४.७ हे लक्ष्य कामाला येतं, कारण २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला शाश्वत विकासासाठीचं ज्ञान आणि कौशल्य मिळावं, हे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलं आहे. जॉर्जियातल्या तिबिलिसी इथे १९७७ मध्ये झालेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची जी उद्दिष्टं सांगितली, जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि सहभाग, ती अजूनही कुठल्याही देशातल्या शिक्षकाला दोन मिनिटांत समजावून देता येतात.

वस्तीतल्या संघटनेचं वेगळं आहे. तिथली माणसं दिवसभर राबून येतात. त्यांच्या वेळेची किंमत त्यांना पहिल्या दोन-तीन भेटींतच मिळाली पाहिजे: तुंबणारं गटार, पाण्याचा टँकर, कचऱ्याचा ढीग, यातल्या एखाद्या प्रश्नावर काहीतरी हाती लागलं पाहिजे. वस्तीने ज्या प्रश्नाला पहिला क्रम दिला तो तुमच्या पुस्तिकेत नसेल तरी तिथूनच सुरुवात करा. आणि कृपा करून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी वस्तीला प्रयोगशाळा बनवू नका. मुलांनी सर्वेक्षण केलं तर त्याचा निकाल वस्तीच्याच बैठकीत, वस्तीच्या भाषेत, आधी मांडला गेला पाहिजे. अहवाल दुसऱ्या देशात नंतर जाईल.

सहभागी ग्रामीण समीक्षेचा (पीआरए), म्हणजे गावाची माहिती गावकऱ्यांनीच मांडण्याच्या पद्धतीचा, इतिहास याबाबतीत बोलका आहे. शिवारफेरी, जमिनीवर रांगोळीने किंवा काठीने काढलेला संसाधन नकाशा, ऋतूंची दिनदर्शिका ही साधनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुख्यतः केनिया आणि भारतात घडली. तिथून ती आशिया-आफ्रिकेतल्या इतर देशांत आणि पुढे श्रीमंत देशांतही गेली. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी त्यावर भरपूर लिहिलं आणि काठी गावकऱ्याच्या हातात द्या, असा आग्रह धरला. पण जिथे निधीच्या मुदतीत बसवायचं म्हणून एका दुपारी नकाशा काढून घेतला, फोटो काढला आणि कागद गुंडाळून कार्यालयात नेला, तिथे त्याच साधनांबद्दल लोकांच्या मनात कडवटपणा आला. तुमची शिवारफेरी पाठवाल तेव्हा तिच्या पानावर एक अट ठळक लिहा: मूळ नकाशा वस्तीतच राहील, बाहेर जाईल ती फक्त प्रत, आणि तीही विचारून.

ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लांबलचक बैठकांपेक्षा दर पंधरवड्याला पाऊण तास, आणि मधल्या काळात दोन्हीकडून काम करतानाचे छोटे व्हिडिओ आणि आवाजी निरोप, हे जास्त उपयोगी पडतं. नेट कमजोर असलेल्या गटाला जमेल तेच सगळ्यांचं माध्यम ठेवा. बैठकीत सादरीकरण दाखवू नका, त्यांच्या कामाचं काय अडलं ते त्यांना दाखवायला सांगा. आणि तुमच्याकडचं काम दाखवताना मधे थांबून ‘तुमच्याकडे हे कसं असेल?’ हे विचारा, मग गप्प बसा. शांतता लांबली तरी उत्तर देऊ नका.

हक्कांचा भाग रूक्ष वाटेल, पण इथे ढिलाई नको. साहित्य मोकळं द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणाऱ्या तयार परवान्यांपैकी) असा परवाना निवडा जो बदल करायला मुभा देतो. ‘बदलास मनाई’ असलेल्या परवान्यात बदललेली आवृत्ती वाटता येत नाही आणि भाषांतरही त्यातच मोडतं, म्हणजे जे व्हावं म्हणून तुम्ही देताय तेच अडतं. ‘श्रेय द्या आणि बदललेलंही असंच मोकळं ठेवा’ हा परवाना मला अशा कामासाठी योग्य वाटतो. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय सीमेपलीकडे जाऊ नयेत. बिया आणि माती टपालाने पाठवू नका. रोग आणि कीड सोबत जाऊ नये म्हणून बहुतेक देशांत त्यावर कडक नियम आहेत, आणि मुलांनी प्रेमाने पाठवलेलं पाकीट सीमाशुल्क तपासणीत नष्ट होतं. गावातल्या जाणत्या माणसांकडून औषधी वनस्पतींची माहिती गोळा करणारा उपक्रम असेल तर जास्तच सावध राहा. अशा ज्ञानावर ते जपणाऱ्या समूहाचा हक्क असतो, आणि २०१० चा नागोया करार याच विषयाचा आहे. ती माहिती सार्वजनिक करायची की नाही हे त्या समूहाने ठरवायचं, शिक्षकाने नाही.

वर्षभराने काय तपासायचं? किती जण प्रशिक्षित झाले हा आकडा निधी देणाऱ्यांना हवा असतो, तो द्या. तुमच्यासाठी मात्र हे दोन प्रश्न ठेवा. त्यांनी आपल्या पद्धतीत काय बदललं आणि का? आणि तुमची मदत न घेता पुढच्या गटाला कुणी शिकवलं? पहिल्या प्रश्नाला ‘काहीच बदललं नाही’ असं उत्तर आलं, तर मला काळजी वाटते. बहुधा ते अजून तुमच्यासाठी उपक्रम करताहेत, स्वतःसाठी नाही. त्यांनी केलेला बदल तुमच्या पानावर, त्यांच्या नावाने, तिसऱ्या रकान्यात लिहा आणि पुढच्या देशाला तेच सुधारलेलं पान पाठवा. तसंच, त्यांच्याकडून एखादी पद्धत तुम्हीही घ्या आणि ती तुमच्या मुलांसोबत खरोखर चालवा. अडचणी विचारायला त्यांना फोन करा. त्यानंतर त्यांचे प्रश्नही मोकळेपणाने यायला लागतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

सुरुवात एकाच उपक्रमाने करा. माझ्या मते ओढा नको, पाण्याचा हिशोब घ्या, कारण त्याला जाणकार लागत नाही आणि भांडं, घड्याळ, वही एवढ्यात भागतं. पहिल्या पत्रात पुस्तिका जोडू नका. त्यात विचारा की तुमच्याकडे पाणी दिवसातून किती वेळ आणि कुठून येतं, घरात ते कोण भरतं, टंचाई कोणत्या महिन्यांत असते, मुलांना आठवड्यातून किती वेळ मोकळा मिळतो, आणि या विषयावर तुम्ही आधी काय करून पाहिलं आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आलं तर ते संस्थेतल्या सगळ्यांना वाचून दाखवा आणि त्यानंतरच चार रकान्यांचं पान लिहायला घ्या.